अकलूजच्या शेडमधला दिवा : हिवाळी अंडी आणि प्रकाशकालाचा इतिहास

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील अकलूज हे नीरा नदीकाठचे बाजारपेठेचे गाव उत्तर अक्षांशाच्या सुमारे १८ अंशांवर वसलेले असल्यामुळे तेथील वर्षातला सर्वांत लहान दिवस साधारण ११ तासांचा, तर सर्वांत मोठा दिवस १३ तास १० मिनिटांच्या आसपास असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य सातच्या सुमारास उगवून सहाला मावळतो आणि जूनमध्ये तो सहाला उगवून सातनंतर मावळतो. म्हणजे दोन्ही टोकांमधला फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. त्याच डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांनाही पुरा पडत नाही आणि जूनमध्ये तो साडेसोळा तासांवर जातो. हिवाळ्यात कोंबड्यांच्या खुराड्यात दिवे लावून अंड्यांची घट भरून काढण्याचे तंत्र अशा काळोख्या हिवाळ्यांच्या देशांत जन्मले, तेथेच त्याची शास्त्रीय मीमांसा झाली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते संकरित कोंबडीबरोबर महाराष्ट्रात आले. ज्या मुलखात हिवाळ्याचा अंधार इतका तोकडा, तेथे या दिव्याला एवढे महत्त्व का मिळाले, या प्रश्नाचे उत्तर आकाशापेक्षा बाजाराच्या दिनदर्शिकेत आणि विजेच्या वेळापत्रकात अधिक सापडते.

संकरित पक्षी येण्यापूर्वी या भागातील कोंबडीपालन हा स्वतंत्र धंदा नव्हताच. धनगर, रामोशी, महार आणि इतर कष्टकरी कुटुंबांच्या अंगणात चार-सहा गावठी कोंबड्या असत, त्या दिवसभर उकिरड्यावर आणि खळ्यावर चरत आणि रात्री डालग्याखाली झाकल्या जात. अंडी-कोंबड्यांचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातचा असे आणि आठवडे बाजारातला तेल-मिठाचा खर्च त्यातून निघे. तुकोबांच्या पालखीचा मार्ग अकलूजवरून जातो आणि तेथे पालखीचे रिंगण होते, हे ध्यानात घेतल्यास माळकरी घरांत अंड्याला असलेला मज्जाव आणि पुष्कळ सधन शेतकरी घराण्यांनी कोंबडीपालनाकडे केलेले दुर्लक्ष यांचा उलगडा होतो. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंड्यांची एक खेप घालून खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवण्यासाठी बसते, आणि पिले बाहेर पडून मोठी होईपर्यंत पुन्हा अंड्यावर येत नाही. त्यामुळे वर्षाकाठी तिची अंडी साठ-सत्तरीच्या फारशी पुढे जात नाहीत. खुडूकपणा मोडण्यासाठी कोंबडीला पाण्यात बुचकळणे किंवा तिच्या नाकपुडीत पीस घालणे असे उपाय केले जात. अंडी घटण्याचे कारण खुडूक, पीसगळ, रोग किंवा मुंगूस यांपैकी कोणते तरी असे, आणि त्यात दिवसाच्या लांबीचा वाटा इतका पुसट होता की त्याकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते.

उत्तरेकडील देशांत मात्र तो वाटा डोळ्यांवर येण्याइतका मोठा होता. तेथे शरद ऋतूत कोंबड्या पिसे टाकत, नोव्हेंबर ते जानेवारी खुराडी जवळजवळ रिकामी राहत आणि वसंतात अंड्यांचा लोंढा येई. म्हणूनच नाताळच्या सुमारास अंड्यांचा भाव वसंतातल्या भावाच्या दुप्पट-तिपटीवर जाई आणि घरोघरी अंडी चुन्याच्या निवळीत साठवली जात. १८८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील डॉ. वॉल्डॉर्फ यांनी खुराड्यात दिवे लावून हिवाळी अंडी वाढवल्याची नोंद आहे. विजेचा प्रसार झाल्यावर १९१० च्या दशकापासून वॉशिंग्टन राज्यातील प्रयोगकेंद्रात जॉर्ज शूप यांनी आणि कॉर्नेल विद्यापीठात जेम्स राइस यांनी पद्धतशीर चाचण्या केल्या, आणि काही वर्षांतच अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर रात्रीचे उजळलेले कोंबडीघर हे नेहमीचे दृश्य झाले. त्या काळचे स्पष्टीकरण साधे होते: दिवस लांबला की कोंबडी जास्त वेळ खाते आणि जास्त खाल्ले की जास्त अंडी देते. हे स्पष्टीकरण चुकीचे असूनही सल्ला बरोबर निघाला, आणि शेतीच्या इतिहासात असे बऱ्याचदा घडलेले आहे.

खरा उलगडा कोंबडीवर नव्हे, तर एका रानपक्ष्यावर झाला. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात विल्यम रोवन यांनी १९२४ पासून जुन्को नावाचे छोटे स्थलांतरी पक्षी ऐन हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले, रोज सायंकाळी विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस काही मिनिटांनी लांबवत नेला आणि पारा शून्याच्या कितीतरी खाली असताना त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतातल्यासारखी वाढलेली दाखवून दिली. ऊब आणि उजेड या दोन गोष्टी तोवर एकमेकींत मिसळलेल्या होत्या. या प्रयोगाने त्या वेगळ्या काढल्या आणि पक्ष्याचा ऋतू थंडीवर नव्हे, तर दिवसाच्या लांबीवर ठरतो हे सिद्ध केले. दिवसातील उजेडाच्या एकूण अवधीला प्रकाशकाल म्हणतात. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी बदकांवर केलेल्या प्रयोगांतून हा प्रकाशकाल मोजण्यासाठी डोळे अपरिहार्य नाहीत, उजेड कवटीतून झिरपून मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींपर्यंत थेट पोचतो, हे उघड झाले. त्या पेशींच्या इशाऱ्यावर मेंदूतील पियूषिका ग्रंथी संप्रेरके सोडते, ती रक्तावाटे अंडाशयात पोचतात आणि बलक पक्व होऊ लागतात. कवटी आणि पिसे यांतून निळ्या-हिरव्या उजेडापेक्षा तांबडा उजेड अधिक आत शिरतो. पुढे दिव्याची निवड करताना या बारकाव्याला फार महत्त्व आले.

अकलूजच्या दृष्टीने त्या दशकातील सर्वांत मोलाचे काम मात्र ई. ओ. व्हेदम यांचे म्हणावे लागेल. त्यांनी १९३३ मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात वेगवेगळ्या अक्षांशांवरील अंड्यांच्या ऋतुचक्राचा पडताळा घेऊन हा चढउतार दिवसाच्या लांबीतील बदलाशी बांधलेला असतो असे दाखवले. विषुववृत्ताकडे सरकावे तसतसा हा बदल लहान होत जात असल्यामुळे हिवाळी घटही लहान होत जाते, हा त्याचा सरळ अर्थ होता. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात टी. आर. मॉरिस यांनी आणि अमेरिकेत अलाबामा येथे डी. एफ. किंग यांनी १९५० च्या दशकापासून केलेल्या कामातून प्रकाशकाल किती आहे यापेक्षा तो वाढतो आहे की घटतो आहे याला अधिक महत्त्व आहे, हे स्पष्ट झाले आणि त्यातून आजही पाळले जाणारे दोन नियम निघाले. वाढीच्या वयातील तलंगांचा, म्हणजे अद्याप अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांचा, दिवस लांबवू नये. आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीचा दिवस कधीही आखूड होऊ देऊ नये. पहिला नियम मोडल्यास तलंग अंगाने भरण्याआधीच अंड्यावर येते आणि लहान अंडी घालते. दुसरा मोडल्यास कोंबडी शरद ऋतू आला असे समजून अंडी थांबवते आणि पिसे टाकू लागते.

भारतात सुधारित कोंबडीचा प्रसार सुरुवातीला मिशनरी संस्था आणि सरकारी क्षेत्रांमार्फत झाला. उत्तर प्रदेशातील एटा येथील अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात व्हाइट लेगहॉर्न पक्षी आणले. मुंबई इलाख्यात खडकीच्या सरकारी कुक्कुटक्षेत्राने तेच काम केले. आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्र सरकारने ज्या ठिकाणी पैदास क्षेत्रे उभारली त्यांत मुंबईच्या आरे दूध वसाहतीचा समावेश होता. गावोगावी लेगहॉर्न किंवा ऱ्होड आयलंड रेड जातीचे कोंबडे वाटून गावठी कोंबड्यांचा वंश सुधारण्याच्या योजना या सगळ्यांत दूरवर पोचल्या, पण त्या अंगणातच विरल्या. देशाचे अंडी-उत्पादन १९५०-५१ मध्ये सुमारे १८३ कोटी होते, ते १९७३-७४ मध्ये ७७५ कोटींच्या घरात गेले आणि २०२२-२३ मध्ये १३,८३८ कोटींवर पोचले. या वाढीचा मोठा वाटा अंगणातून शेडमध्ये गेलेल्या संकरित कोंबडीचा आहे, आणि शेडमधली कोंबडी म्हणजे दिव्याखालची कोंबडी.

अकलूज परिसरात अशा शेडसाठी लागणारी जमीन, पैसा आणि वीज ही तिन्ही उसाच्या मागून आली. भाटघरचे लॉईड धरण १९२८ मध्ये पूर्ण झाल्यावर नीरा उजव्या कालव्याचे पाणी फलटण आणि माळशिरस तालुक्यांतील कोरडवाहू माळांवर खेळू लागले. १९३० च्या दशकात सासवडकडून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला आणि चंद्रशेखर आगाशे यांच्या पुढाकाराने श्रीपूरला दुसरा उभा राहिला. पुढे शंकरराव मोहिते-पाटील यांच्या नेतृत्वाखाली अकलूजचा यशवंत सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती दूध, शिक्षण आणि बाजार यांच्या संस्थांचे जाळे विणले गेले. कारखान्यांची यंत्रे चिपाडाच्या वाफेवर चालत आणि त्यांच्या आवारात विजेचे दिवे लागत, तेव्हा भोवतालच्या वस्त्यांवर चिमणी आणि कंदीलच होते. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले, शेतीपंपांसाठी तारा मळ्यापर्यंत गेल्या आणि पंपासाठी आलेल्या विजेवर शेडमधला दिवा लागू शकला. दिव्यांचा इतिहास येथे पंपाच्या इतिहासाचा पोटविषय आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ऊस पिकवणाऱ्या या मुलखाला प्रकाशकालाचे तत्त्व वेगळ्या रूपात परिचयाचेही होते. आडसाली उसाला तुरा आला की वाढ खुंटते, कांड्या पोकळ होऊ लागतात आणि वजन घटते, हे प्रत्येक बागायतदार जाणतो. आणि तुरा धरण्याचा निर्णय ऊस ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, दिवस साडेबारा तासांच्या खाली उतरत असताना, घेतो. हवाई बेटांवर उसाच्या फडात मध्यरात्री काही काळ दिवे लावून तुरा रोखण्याचे प्रयोग झाले, कारण रात्र मधेच तुटली की उसाच्या दृष्टीने ती लांब रात्र राहत नाही. कोंबडी आणि ऊस यांचे प्रतिसाद उलट दिशांचे आहेत, उसाला आखूड दिवस हवा आणि कोंबडीला लांब. पण दोघांचे घड्याळ एकाच तत्त्वावर चालते, आणि रात्र मधेच तोडण्याची ही युक्ती पुढे भारनियमनाच्या काळात कोंबडीच्या बाबतीतही उपयोगाची ठरणारी होती.

व्यापारी लेयर, म्हणजे केवळ अंड्यांसाठी पाळलेली संकरित कोंबडी, महाराष्ट्रात १९६० च्या दशकापासून दिसू लागली असली, तरी तिचा खरा विस्तार बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजच्या काळात झाला. बॅबकॉक वंशावरून तयार झालेली बीव्ही-३०० ही पांढरी कोंबडी देशभर पसरली. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारा हा पक्षी खुडूक होत नाही, दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आत खातो आणि दिवसाच्या लांबीला अतिशय हळवा असतो. त्याच्याबरोबर जी पुस्तिका आली तीत १८व्या आठवड्यानंतर प्रकाशकाल दर आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवत १६ तासांवर नेण्याचे आणि तेथेच स्थिर ठेवण्याचे वेळापत्रक होते. पशुसंवर्धन खात्याच्या प्रशिक्षणवर्गांतून त्याचे सोपे रूप सांगितले जाई: साधा पिवळा बल्ब असेल तर दर चार चौरस फुटांमागे एक वॅट, बल्ब जमिनीपासून सात-आठ फुटांवर, दोन बल्बमधले अंतर उंचीच्या दीडपट, आणि उजेड इतका की खाद्याच्या भांड्याशी तो दहा लक्सच्या आसपास पडावा. एक मेणबत्ती एक मीटरवरून जितका उजेड टाकते त्याला स्थूलमानाने एक लक्स म्हणतात. म्हणजे कोंबडीला लागणारा उजेड माणसाला वर्तमानपत्र वाचायला लागतो त्याहून बराच कमी. अधिक उजेडाने अंडी वाढत नाहीत, उलट पक्षी एकमेकांना टोचू लागतात आणि रक्त दिसले की मरेपर्यंत टोचतात.

मग १८ अंशांवर, जेथे डिसेंबरचा दिवसही ११ तासांचा आहे, तेथे हे सगळे कशासाठी, हा प्रश्न राहतोच, आणि त्याचे उत्तर बाजारात आहे. अंड्याची मागणी महाराष्ट्रात सारखी नसते: श्रावणात ती कोसळते, नवरात्रातही उतरते, आणि थंडी पडली की, अंडे उष्ण असते या समजुतीमुळे, नोव्हेंबर ते जानेवारी ती शिगेला पोचते. १९८२ मध्ये उत्पादकांनी स्थापन केलेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीच्या रोजच्या भावांत हा चढउतार स्पष्ट उमटतो. साहजिकच शेडमालकाची इच्छा असते की बॅचचे सर्वाधिक उत्पादन याच महिन्यांत पडावे. सर्वाधिक उत्पादन साधारण २६ ते ३० आठवड्यांच्या वयात येते. ते डिसेंबरात पडायचे तर एक दिवसाचे पिलू जूनच्या मध्याला शेडमध्ये आले पाहिजे, आणि जूनमध्ये आलेले पिलू वाढते ते नेमके उतरत्या दिवसांत. त्याची पहिली पंधरा-वीस आठवड्यांची वाढ १३ तासांच्या दिवसाकडून साडेअकरा तासांच्या दिवसाकडे होते. अंड्यावर येण्याची वेळ होते तेव्हा ऑक्टोबरचा दिवस त्याला थांबण्याचा इशारा देत असतो. दिव्याविना अशी बॅच उशिरा आणि विस्कळीतपणे अंड्यावर येते, आणि भावाची पहिली लाट हातची जाते. उलट जानेवारी-फेब्रुवारीत आलेले पिलू चढत्या दिवसांत वाढते, लवकर अंड्यावर येते आणि त्याला दिव्यापेक्षा संयमाची गरज असते. म्हणजे हिवाळ्यासाठी दिवा लागतो तो हिवाळ्याच्या अंधारामुळे नव्हे, तर हिवाळ्याच्या भावासाठी बॅच चुकीच्या ऋतूत वाढवावी लागते म्हणून.

दिव्याच्या निवडीचा इतिहासही याच व्यावहारिक अंगाने समजून घ्यावा लागतो. वीज पोचण्यापूर्वी किंवा ती नसताना गॅसबत्ती, म्हणजे हवा भरून पेटवायचा रॉकेलचा दिवा, टांगली जाई. तिचा उजेड भरपूर, पण तो एका ठिकाणी एकवटलेला, आणि गादी पद्धतीच्या शेडमध्ये, जेथे जमिनीवर भाताच्या तुसाचा किंवा भुश्याचा थर पसरलेला असतो, तेथे आगीची धास्ती कायमची. त्यानंतर आलेला ४० वॅटचा पिवळा बल्ब वीज खाण्यात उधळा असला, तरी त्याच्या उजेडात तांबड्याचे प्रमाण जास्त, आणि ग्रामीण तारांवर व्होल्टेज पडले की तो लालसर, मंद का होईना पण पेटत राही. ट्यूबलाइट त्याच व्होल्टेजवर नुसती फडफडे आणि स्टार्टर जळे. कोंबडीच्या मेंदूपर्यंत तांबडा उजेडच अधिक पोचत असल्यामुळे या गरीब बल्बने काम चांगले बजावले. हजार पक्ष्यांच्या, दोन हजार चौरस फुटांच्या शेडला चार चौरस फुटांमागे एक वॅट या हिशेबाने ५०० वॅट, म्हणजे ४० वॅटचे बारा-तेरा बल्ब लागत. डिसेंबरात पहाटे आणि सायंकाळी मिळून पाच तास ते जळाले की रोजची अडीच युनिटे होत. सीएफएलने हा खर्च घटवला, पण शेडमधली धूळ, अमोनिया आणि वारंवार चालू-बंद होणे यांपुढे ती फार टिकली नाही. २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या उजाला योजनेतून एलईडी बल्ब स्वस्त झाल्यावर तेवढेच काम नऊ वॅटच्या तेरा बल्बांवर, अर्ध्या युनिटाच्या थोडे वर, होऊ लागले. या बदलात एक सापळा होता: घरासाठी विकला जाणारा पांढराशुभ्र एलईडी निळसर असतो आणि त्यात तांबडा भाग कमी असतो, म्हणून जाणते शेडमालक पिवळसर छटेचा, ‘वॉर्म’ म्हणून विकला जाणारा बल्ब घेतात. बल्ब कोणताही असो, त्याच्यावर आठवड्याभरात खाद्याच्या धुळीचा थर बसतो आणि फडक्याने तो पुसला नाही तर उजेड निम्म्यावर येऊ शकतो. पिंजरा पद्धतीत वरच्या कप्प्यातल्या कोंबड्यांना झगमगाट आणि खालच्या कप्प्यात सावली, ही तक्रार तर बल्ब बदलून सुटतच नाही, त्यासाठी टांगण्याची जागाच बदलावी लागते.

या सगळ्याची खरी परीक्षा भारनियमनाच्या काळात झाली. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात विजेचा तुटवडा चार-पाच हजार मेगावॅटपर्यंत गेला, ग्रामीण फीडरवर दिवसाचे दहा-बारा तास वीज जाऊ लागली, आणि ती बहुधा सायंकाळीच, कारण मागणीचा कळस तेव्हाच असे. गावकऱ्यांनी सायंकाळी पंप न चालवण्याच्या बोलीवर दिव्यांपुरती वीज देणारी अक्षय प्रकाश योजना, पाठोपाठ गावठाण फीडर वेगळे काढण्याचे काम, यांनी वस्तीतली घरे उजळली. पण शेड बहुतेक गावठाणात नसतात, मळ्यात असतात, आणि मळ्याची वीज पंपाच्या वेळापत्रकावर चालते. १६ तासांच्या दिवसाला सरावलेल्या कोंबडीचा दिवस सलग आठ-दहा सायंकाळी १२ तासांवर आला की तिच्या दृष्टीने शरद ऋतू अवतरतो. एखाद्या रात्री दिवा गेल्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते सातत्य तुटल्याने.

त्यात टायमरने भर घातली. शेडमधला जुना स्वस्त टायमर विजेवरच फिरणाऱ्या छोट्या मोटरचा असे. त्याच्या तबकडीवर पंधरा-पंधरा मिनिटांचे दात, आणि ज्या वेळी दिवा हवा ते दात खाली दाबलेले. वीज गेली की मोटर थांबे आणि तबकडीही थांबे. तीन तासांनी वीज आली की ती तीन तास मागेच राही. चार दिवस असे झाले की पहाटे साडेचारला लागणारे दिवे दुपारी साडेचारला लागत आणि पहाटे शेड अंधारात राही, आणि हे कोणाच्या लक्षात येई ते अंड्यांचे ट्रे कमी भरू लागल्यावरच. बॅटरीवर वेळ सांभाळणारा डिजिटल टायमर ही दिव्याइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची खरेदी आहे, हा धडा या वर्षांनी दिला. कित्येकांनी टायमर काढून राखणदाराच्या मोबाइलच्या गजरावर भिस्त ठेवली, तीही उपाय म्हणून वाईट नव्हती.

विजेच्या अशा लहरीपणावर शास्त्रात एक उतारा आधीच तयार होता. कॉर्नेल विद्यापीठात १९७० च्या दशकात व्हान टीनहोवन आणि ऑस्ट्रँडर यांनी कोंबड्यांना दोन तास उजेड, चार तास अंधार, आठ तास उजेड आणि दहा तास अंधार असे तुटक वेळापत्रक देऊन पाहिले. एकूण उजेड दहाच तासांचा असूनही कोंबड्यांनी तो १४ तासांचा अखंड दिवस मानला आणि अंड्यांत घट आली नाही. कोंबडीचे शरीर उजेडाची बेरीज करत नाही. दिवस सुरू झाल्यापासून बारा-एक तासांनी त्यात एक संवेदनक्षम टप्पा येतो, त्या टप्प्यात उजेड दिसला की दिवस लांब, न दिसला की आखूड, असा तिचा हिशेब असतो आणि मधला छोटा अंधार ती दिवसातच धरते. याचा माळशिरसच्या मळ्यात अर्थ असा की सायंकाळी सहा ते नऊ वीज नसली तरी नऊनंतर अर्धा-पाऊण तास दिवे लागले तर दिवस सूर्योदयापासून पावणेदहापर्यंतचा मोजला जातो. किंवा सायंकाळचा भरवसा सोडून सगळा जादा उजेड पहाटेकडे सरकवता येतो. मात्र जी वेळ धरली ती रोज तीच हवी. गादी पद्धतीत पहाटेच्या उजेडाचा आणखी एक फायदा असतो: सायंकाळी दिवे एकदम मालवले तर जमिनीवर फिरणाऱ्या कोंबड्या जेथल्या तेथे अंधारात सापडतात, एकमेकींवर चढतात, दबून मरतात, तर पहाटे लागलेला दिवा सूर्योदयात आपोआप मिसळून जातो. दुसऱ्या बाजूने अंड्याचे कवच रात्रीच घडत असल्यामुळे निजण्यापूर्वी शिंपल्यांची चुरी पोटात जाणे महत्त्वाचे असते आणि त्यासाठी सायंकाळचा उजेड हवा असतो. म्हणून बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे थोडा थोडा वाटून घेण्याची रीत पडली.

हिवाळ्यासाठी म्हणून आलेल्या या दिव्याचा अकलूजमधला दुसरा उपयोग उन्हाळ्यातला आहे, आणि तो मूळ देशांतील पुस्तकांत फारसा आढळत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, कोंबडी दुपारी चोच उघडून धापा टाकते, खाणे निम्म्यावर येते आणि अंडी लहान, पातळ कवचाची होतात. या भागात अंड्यांचे नुकसान थंडीपेक्षा उन्हाने कितीतरी अधिक होते. त्या दिवसांत पहाटे साडेतीन-चारपासून दिवे लावून गारव्यात खाद्य दिले जाते, काही जण मध्यरात्री तासभर उजेड करून पाणी आणि खाद्य पुन्हा फिरवतात. १३ तासांचा नैसर्गिक दिवस असताना जळणारा हा दिवा प्रकाशकालासाठी नसून भुकेसाठी असतो. कोंबडीला खायला जास्त वेळ मिळावा हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा, शास्त्राने बाजूला सारलेला युक्तिवाद सोलापूरच्या उन्हाळ्यात असा खरा ठरला आहे.

अलीकडच्या दशकात महाराष्ट्रात बंद भिंतींच्या, पंखे आणि ओल्या पॅडांनी गार ठेवलेल्या शेड उभ्या राहू लागल्या आहेत. उघड्या जाळीच्या शेडमध्ये उजेड वाढवता येतो, पण सूर्य अडवता येत नाही, त्यामुळे वाढत्या तलंगांचा दिवस लांबू न देण्याचा नियम आजवर कागदावरच राहत होता. बंद शेडमध्ये तलंगांना आठ-दहा तासांचा स्थिर दिवस देता येतो आणि जूनची बॅच व जानेवारीची बॅच एकाच वयात अंड्यावर आणता येते, म्हणजे गाव कोणत्या अक्षांशावर आहे याला तेथे अर्थ उरत नाही. त्या बदल्यात वीज गेल्यावर आधी दिवे नव्हे तर पंखे सांभाळावे लागतात, कारण उन्हाळ्यातल्या दुपारी जनित्र काही मिनिटांत सुरू झाले नाही तर पक्षी गुदमरून मरतात. म्हणूनच अशा शेडच्या अंदाजपत्रकात जनित्राचा खर्च बल्बांच्या खर्चाच्या कित्येक पट असतो आणि कर्ज देणारी बँकही त्याचीच चौकशी आधी करते.